नोकरीतील निवृत्तिवेतनाचे प्रकार : जावळीतील नोकरदारांनी तुलना कशी करावी

मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण असल्याने तेथे तहसील कार्यालय आहे, पंचायत समिती आहे, एस. टी.चे आगार आहे आणि माध्यमिक शाळाही आहेत. शिवाय या तालुक्यातील घराघरांतून कोणी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी सोनगावच्या प्रतापगड सहकारी साखर कारखान्यात, कोणी नवी मुंबईच्या बाजार समितीत माथाडी म्हणून, तर कोणी सैन्यात नोकरी केलेली आढळते. यांपैकी प्रत्येक जण साठीच्या आसपास मिळणाऱ्या रकमेला सरसकट ‘पेन्शन’ म्हणतो. पण त्यामागची कायदेशीर व्यवस्था प्रत्येकाची वेगळी असते आणि त्या वेगळेपणामुळे एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन निवृत्तांच्या मासिक उत्पन्नात पाच-सहापट अंतर पडू शकते. म्हणून या योजनांची तुलना करताना पहिल्या महिन्याच्या आकड्यावर न थांबता तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : माणूस अपेक्षेपेक्षा जास्त जगला तर पैसे कोण पुरवणार, महागाई वाढली तर तिचा भार कोण सोसणार, आणि नोकरदाराच्या पश्चात त्याच्या जोडीदाराला काय मिळणार.

निवृत्तिवेतनाच्या योजनांचे मूलतः दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात शेवटचा पगार आणि सेवेची वर्षे यांवरून निवृत्तिवेतन ठरते, ते देण्याचे बंधन शासनावर किंवा निधीवर असते आणि बाजारात काय घडते याच्याशी निवृत्ताचा संबंध उरत नाही. यास निश्चित लाभाची योजना म्हणतात. दुसऱ्या प्रकारात दरमहा किती रक्कम भरायची एवढेच ठरलेले असते, भरलेली रक्कम रोख्यांत व शेअर बाजारात गुंतवली जाते आणि अखेरीस जे साठेल त्यावर निवृत्तिवेतन अवलंबून राहते. ही निश्चित अंशदानाची योजना होय. पहिल्या प्रकारात जोखीम मालकाकडे असते, दुसऱ्यात ती नोकरदाराकडे येते. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रात पेन्शनवरून जे वाद झाले, त्यांचे मूळ या एका फरकात आहे.

राज्य शासनाच्या आणि जिल्हा परिषदेच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 लागू आहेत आणि यालाच बोलीभाषेत जुनी पेन्शन म्हणतात. तीत पूर्ण सेवा झालेल्यास शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते, तिच्यावर सेवेतील कर्मचाऱ्यांप्रमाणे महागाई वाढ मिळत राहते आणि निवृत्ताच्या मृत्यूनंतर जोडीदारास कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होते. या पेन्शनसाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीही कापले जात नाही. भविष्य निर्वाह निधीसाठी जे कापले जाते ते व्याजासह त्याचे त्यालाच परत मिळते. शेवटचे मूळ वेतन 50,000 रुपये असलेल्या कर्मचाऱ्यास 25,000 रुपये आणि त्यावरील महागाई वाढ, असा हा हिशेब आहे. वर विचारलेल्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या योजनेत नोकरदाराच्या बाजूने लागते, आणि तिच्यासाठी लोक रस्त्यावर का उतरले ते यावरून समजते.

1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांसाठी राज्याने परिभाषित अंशदान योजना आणली आणि पुढे ती केंद्राच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे एनपीएसमध्ये, विलीन झाली. या प्रणालीत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या 10 टक्के रक्कम कर्मचारी भरतो आणि 14 टक्के शासन भरते. वयोमानानुसार निवृत्त होताना साठलेल्या रकमेपैकी जास्तीत जास्त 60 टक्के रक्कम एकरकमी घेता येते आणि शासकीय कर्मचाऱ्यास उरलेल्या किमान 40 टक्क्यांतून विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते. वार्षिकी म्हणजे एकदा ठोक रक्कम भरून त्या बदल्यात हयातभर ठरावीक हप्ता मिळवण्याचा करार. समजा, निवृत्तीच्या दिवशी खात्यात 40 लाख रुपये आहेत आणि वार्षिकीचा दर साडेसहा टक्के आहे. तर 16 लाखांच्या वार्षिकीतून दरमहा सुमारे 8,667 रुपये येतील आणि 24 लाख रुपये हाती राहतील. हा हप्ता नेहमीच्या पर्यायांत आयुष्यभर तेवढाच राहतो, त्यावर महागाई वाढ नसते. म्हणून या प्रणालीतील निवृत्ताचे भवितव्य मुख्यतः त्या 24 लाखांचे तो काय करतो यावर ठरते. घर बांधण्यात किंवा मुलांच्या लग्नात ते संपले तर 8,667 रुपयांवर उर्वरित आयुष्य काढण्याची वेळ येते. खासगी क्षेत्रातील सदस्यांसाठी सक्तीच्या वार्षिकीची अट 2025 च्या अखेरीस सैल करण्यात आली असून, त्यामुळे हाती येणारी रक्कम वाढली, तशी ती जपून वापरण्याची जबाबदारीही वाढली.

या प्रणालीविरुद्ध ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेखाली 14 मार्च 2023 पासून राज्यातील कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला. त्यातून काही महत्त्वाचे बदल घडले आणि ते प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरी माहीत असायला हवेत. 31 मार्च 2023 च्या शासननिर्णयाने एनपीएसमधील कर्मचारी सेवेत असताना मरण पावल्यास त्याच्या कुटुंबास कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय खुला झाला आणि उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, लाभही लागू झाला. 2024 च्या आरंभी, ज्यांच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय देण्यात आला. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्याने सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना जाहीर केली, जीत शेवटच्या वेतनाच्या 50 टक्के निवृत्तिवेतन अधिक महागाई वाढ आणि त्या निवृत्तिवेतनाच्या 60 टक्के कुटुंब निवृत्तिवेतन असे सूत्र आहे. केंद्राने 24 ऑगस्ट 2024 रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि ती 1 एप्रिल 2025 पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी अमलात आली. तीत 25 वर्षांची सेवा झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, त्याहून कमी सेवेस त्या प्रमाणात, आणि किमान 10 वर्षांच्या सेवेस दरमहा 10,000 रुपयांची हमी आहे.

आता राज्य कर्मचाऱ्यापुढे पर्याय निवडण्याचा प्रश्न उभा राहतो आणि येथे घाई करणे घातक आहे. हमी देणाऱ्या योजनेत खात्यात साठलेल्या रकमेचा किती भाग शासनाकडे वळतो, आधी काढलेल्या रकमांचा हिशेब कसा होतो आणि सेवेची किती वर्षे धरली जातात, हे आपल्या आस्थापनेला लागू असलेल्या शासननिर्णयाची प्रत हातात घेऊन तपासावे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तक्त्यांवर विसंबू नये. सर्वसाधारणपणे ज्याची सेवा दीर्घ आहे, ज्याची जोडीदार स्वतः कमावत नाही आणि ज्याच्या घरात दीर्घायुष्याची परंपरा आहे, त्याला हमीची योजना अधिक सुरक्षित ठरते. उलट ज्याला उशिरा नोकरी लागली आणि ज्याची सेवा जेमतेम पंधरा वर्षांची होणार आहे, त्याने दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर मांडल्याशिवाय पर्यायपत्रावर सही करू नये.

अनुदानित खासगी शाळांतील शिक्षकांची स्थिती आणखी नाजूक आहे. 2005 पूर्वी नेमणूक झाली, पण शाळा त्यावेळी विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित होती आणि शंभर टक्के अनुदान नंतर मिळाले, अशा शिक्षकांचा जुन्या पेन्शनवरील हक्क हा दीर्घकाळ झगड्याचा विषय राहिला आहे. अशा शिक्षकांनी नेमणुकीचा आदेश, वैयक्तिक मान्यतेचे पत्र आणि शाळेला अनुदान मिळाल्याचे आदेश यांच्या साक्षांकित प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात, कारण संस्थेचे दप्तर तीस वर्षे नीट राहीलच असे नाही.

मेढ्याच्या आगारातील चालक-वाहक, साखर कारखान्यातील कामगार, सहकारी बँकेतील कारकून आणि साताऱ्याच्या कारखान्यातील यंत्रचालक हे सारे मात्र वेगळ्याच छत्राखाली येतात. त्यांना 1952 च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याखालील कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 लागू होते. ती 16 नोव्हेंबर 1995 पासून सुरू झाली म्हणून तिला ईपीएस-95 म्हणतात. जावळीसारख्या तालुक्यात सर्वाधिक गैरसमज याच योजनेबद्दल आहेत, म्हणून तिचा विचार सविस्तर करणे भाग आहे.

कामगाराच्या वेतनातून 12 टक्के रक्कम कापली जाते आणि ती सगळी भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये, जमा होते. मालकही 12 टक्के भरतो, परंतु त्यातील 8.33 टक्के पेन्शनच्या निधीत जातात आणि उरलेले 3.67 टक्के पीएफमध्ये येतात. पेन्शनकडे वळणाऱ्या रकमेला 15,000 रुपयांच्या वेतनाची मर्यादा आहे, त्यामुळे पगार 40,000 असला तरी पेन्शनच्या निधीत दरमहा 1,250 रुपयेच जातात आणि निवृत्तिवेतनही 15,000 धरूनच काढले जाते. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दिसणारी शिल्लक ही कामगाराची वैयक्तिक ठेव आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पेन्शन त्या शिलकीवर नव्हे, तर एका सूत्रावर ठरते. अखेरच्या 60 महिन्यांचे सरासरी वेतन, पण 15,000 च्या आतच, गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70, हे ते सूत्र होय.

1 सप्टेंबर 2014 नंतर योजनेत आलेला आणि 15,000 वा त्याहून अधिक वेतनापर्यंत पोहोचलेला कामगार 58 व्या वर्षी 19 वर्षांची सेवा घेऊन निवृत्त झाला, तर 15,000 गुणिले 19 भागिले 70, म्हणजे दरमहा सुमारे 4,071 रुपये त्याला मिळतात. त्याच कामगाराची सेवा 20 वर्षांची झाली असती तर नियमाप्रमाणे दोन वर्षे वाढवून 22 वर्षे धरली गेली असती आणि रक्कम 4,714 झाली असती. एका वर्षाच्या फरकाने हयातभर दरमहा सुमारे 640 रुपये कमी मिळतात, हे लक्षात आले तर विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर नोकरी सोडण्यापूर्वी माणूस विचार करील. 1 सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेसाठी 6,500 रुपयांची जुनी मर्यादा धरली जात असल्याने जुन्या कामगारांची पेन्शन त्या प्रमाणात आणखी कमी बसते. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपये आहे. या योजनेत महागाई वाढ मुळीच नाही. दरसाल सहा टक्के महागाई गृहीत धरली तर आज 4,714 रुपयांत जे विकत मिळते त्याच्या निम्मेच बारा वर्षांनी त्या रकमेत मिळेल. एस. टी.च्या निवृत्त कर्मचाऱ्यांची आणि त्याच रस्त्यावरच्या पंचायत समितीतील निवृत्त लिपिकांची स्थिती इतकी वेगळी का, याचे उत्तर या एका सूत्रात सापडते, आणि आयुष्यभर घाटातून गाडी चालवलेल्या माणसाच्या वाट्याला एवढीच रक्कम यावी ही गोष्ट योग्य म्हणता येणार नाही.

या पेन्शनसाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते. सेवेची बेरीज करताना सहा महिने किंवा त्याहून अधिकचा अपुरा काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणजे साडेनऊ वर्षे झालेला कामगारही पात्र ठरतो. येथेच मोठे नुकसान होते. साताऱ्यात चार वर्षे, मग पुण्यात तीन, मग पुन्हा शिरवळकडे चार, अशी नोकरी करणारा तरुण प्रत्येक वेळी पीएफ काढताना दहा-क क्रमांकाचा अर्ज भरून पेन्शनची रक्कमही काढून घेतो, काही हजार रुपये हातात पडतात आणि सेवा पुन्हा शून्यापासून मोजली जाऊ लागते; अकरा वर्षे घाम गाळूनही त्याला पेन्शन नसते. अशा वेळी रक्कम न काढता योजना प्रमाणपत्र घ्यावे किंवा जुने खाते नव्या नोकरीत वर्ग करून घ्यावे, म्हणजे तुकड्यातुकड्यांची सेवा जोडली जाते. त्यासाठी यूएएन, म्हणजे सदस्याचा कायमचा खातेक्रमांक, आयुष्यभर एकच राहिला पाहिजे. कंत्राटदार बदलला की नवा यूएएन काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. कामगाराने नव्या ठिकाणी रुजू होताना जुना क्रमांक स्वतः सांगावा. कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर मूळ मालकावर त्याची जबाबदारी येते, हेही ध्यानात ठेवावे.

साखर कारखान्यातील हंगामी कामगारांसाठी या योजनेत एक अत्यंत उपकारक तरतूद आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक असते. गाळपाचा हंगाम चार-पाच महिन्यांचाच असला, तरी हंगामी कामगाराने त्या वर्षी केलेली प्रत्यक्ष सेवा पूर्ण वर्ष म्हणून धरली जाते. म्हणून दहा हंगाम केलेला कामगार पेन्शनला पात्र ठरू शकतो. मात्र प्रत्येक हंगामाची वर्गणी त्याच्या नावे भरली गेली आहे आणि नोंदीत तो हंगामी म्हणून दाखवला आहे, याची खात्री दर वर्षी हंगाम संपताना पासबुक पाहून करून घ्यावी. कारखाना बंद पडला किंवा भाडेतत्त्वावर गेला, तर या नोंदी मिळवणे फार कठीण होते.

पेन्शन 58 व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर ती लवकर घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्यावी तितकी दरसाल 4 टक्क्यांनी घटते आणि ही घट कायमची असते; उलट साठीपर्यंत थांबल्यास दरसाल 4 टक्क्यांनी वाढते. 1 सप्टेंबर 2014 नंतर प्रथमच नोकरीस लागताना ज्याचे वेतन 15,000 रुपयांहून अधिक होते, तो या पेन्शन योजनेत येतच नाही. त्याच्या मालकाची पूर्ण वर्गणी पीएफमध्ये जमा होते. शिकून थेट चांगल्या पगारावर लागलेल्या तरुणांना हे अनेकदा कळतच नाही आणि आपल्याला पेन्शन आहे या समजुतीत ते राहतात.

ईपीएस इतकी तोकडी असल्याने पीएफची शिल्लक हीच अशा कामगाराची खरी म्हातारपणाची सोय ठरते. तिच्यावर 2024-25 या वर्षासाठी 8.25 टक्के व्याज होते आणि बँकेच्या ठेवीत इतका दर सहसा मिळत नाही. म्हणून घर, लग्न, दुचाकी यांसाठी ती पुन्हापुन्हा काढणे परवडणारे नाही. निवृत्तीनंतर ही रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येते, जीत 30 लाख रुपयांपर्यंत गुंतवणुकीची मुभा असून व्याज दर तिमाहीस हाती येते. मेढ्याच्या टपाल कार्यालयासारख्या ठिकाणी हे खाते उघडता येत असल्याने त्यासाठी शहरातील मध्यस्थाकडे जाण्याची गरज नाही.

माथाडी कामगारांच्या बाबतीतही हाच विचार अधिक नेटाने लागू होतो. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा, 1969 खालील मंडळे मजुरीवर लेव्ही आकारून भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि वैद्यकीय सोय यांची तजवीज करतात. एका मालकाकडे न टिकणाऱ्या कष्टकऱ्याला अशी सुरक्षितता मिळाली, हे या कायद्याचे मोठे कार्य आहे. परंतु निवृत्तीच्या वेळी हाती पडणारी मुख्य रक्कम एकरकमी असते. गावी परतल्यावर ती बंगल्याच्या बांधकामात गेली की दरमहाचे उत्पन्न उरत नाही, म्हणून तिचा निदान अर्धा भाग दरमहा वा दर तिमाहीस व्याज देणाऱ्या खात्यात आधी वळवावा आणि मग बांधकामाचा विचार करावा.

सैन्यातील नियमित सेवेस जुन्या धर्तीचे निवृत्तिवेतन कायम आहे आणि जवानास ते 15 वर्षांच्या सेवेनंतर मिळते. 2022 पासून अग्निवीर म्हणून भरती झालेल्यांपैकी जे चार वर्षांनी बाहेर पडतील त्यांना मात्र निवृत्तिवेतन नाही, सेवानिधीची एकरकमी रक्कम आहे. त्यामुळे पुढच्या नोकरीत पहिल्या दिवसापासून पीएफ सुरू होतो की नाही याकडे त्यांनी लक्ष द्यावे. ज्यांना नोकरीतून काहीच पेन्शन नाही, अशा दुकानातील नोकरास किंवा छोट्या हॉटेलातील कामगारास अटल पेन्शन योजना उपयोगी पडते. 18 ते 40 वयात तीत सामील होता येते, साठीनंतर 1,000 ते 5,000 रुपयांची हमी मिळते आणि सदस्यामागे जोडीदाराला तेवढीच रक्कम चालू राहते. 18 व्या वर्षी 5,000 च्या पेन्शनसाठी दरमहा 210 रुपये भरावे लागतात, 40 व्या वर्षी तेच 1,454 होतात. प्राप्तिकर भरणाऱ्यांना मात्र 1 ऑक्टोबर 2022 पासून तीत नव्याने येता येत नाही.

जोडीदाराच्या हक्काबाबत योजनांत मोठे अंतर आहे. ईपीएसमध्ये निवृत्ताच्या मृत्यूनंतर पत्नीस साधारणतः निम्मी पेन्शन मिळते, आणि कामगार सेवेत असताना मरण पावला तर दहा वर्षांची अट राहत नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंब पेन्शनला पात्र होते. दोन अपत्यांना वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत वेगळी पेन्शन असते, आणि पीएफशी जोडलेल्या विम्यातून 7 लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. या विम्यासाठी कामगाराने वेगळा हप्ता भरलेला नसतो, त्यामुळे त्याची आठवण कोणाला राहत नाही आणि अनेक कुटुंबे दावाच करत नाहीत. एनपीएसमधून वार्षिकी घेताना पत्नीला हयातभर हप्ता चालू राहील असा संयुक्त पर्याय निवडला नसेल, तर पतीच्या मृत्यूबरोबर हप्ता थांबू शकतो. हप्ता थोडा कमी बसला तरी विवाहित निवृत्ताने संयुक्त पर्यायच घ्यावा.

हे हक्क प्रत्यक्षात मिळण्यात सर्वांत मोठा अडथळा नावांचा येतो. सेवापुस्तकात किंवा पीएफच्या नोंदीत पत्नीचे माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, बँकेत केवळ हाकेचे, आणि जन्मतारीख तिन्ही ठिकाणी वेगळी, अशी स्थिती असेल तर विधवेला महिनोन्महिने कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून नोकरी चालू असतानाच नामनिर्देशन भरावे, लग्नानंतर ते नव्याने करावे, कारण पीएफमध्ये लग्नापूर्वी आई-वडिलांच्या नावे केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरते. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवावा, तिन्ही कागदांवरील नाव एकसारखे करून घ्यावे आणि पती-पत्नीचे संयुक्त बँक खाते निवृत्तीपूर्वीच उघडावे. यूएएन, पेन्शन आदेशाचा क्रमांक आणि कार्यालयाचे नाव एका कागदावर लिहून तो कागद पत्नीच्या हाती द्यावा व प्रत्येक क्रमांक कशाचा आहे ते तिला समजावून सांगावे.